धातूच्या आधीचा प्रकाश

धातूचा उत्प्रेरक न घेता, निव्वळ प्रकाशाच्या बळावर सेंद्रिय रेणू घडवण्याच्या रीतीची वंशावळ बहुधा २००८ पासून सांगतात. त्या वर्षी प्रिन्स्टनमध्ये डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड नाइसविच यांनी रुथेनियमचे संयुग एका सेंद्रिय उत्प्रेरकाच्या जोडीला घेतले आणि साध्या दिव्याच्या उजेडात कार्बनचे बंध जुळवले. २०११ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला कर्स्टन त्साइटलर आणि बुर्कहार्ट क्योनिग यांच्या गटाने रुथेनियमच्या जागी इओसिन हा रंग वापरून तशीच अभिक्रिया हिरव्या प्रकाशात करून दाखवली. या मांडणीत रुथेनियम मूळपुरुष ठरतो आणि इओसिन त्याची स्वस्त बदली. मला हा क्रम मान्य नाही. धातू या घराण्यात बराच उशिरा आला.

बोलोन्या विद्यापीठात जाकोमो च्यामिचान आणि पाउल सिल्बर १९०० च्या सुमारास काचेची बंद भांडी गच्चीवर उन्हात मांडून ठेवत, कधी महिनोन्‌महिने. बेंझोफेनोन अल्कोहोलमध्ये विरघळवून ठेवले, की प्रकाशाने उत्तेजित झालेला त्यातला ऑक्सिजन अल्कोहोलचा हायड्रोजन ओढून घेतो, आणि अशा दोन अर्धवट रेणूंची जोडी जमून बेंझोपिनॅकॉल तयार होते. शेपूच्या बियांच्या तेलात असणारे कार्व्होन उन्हात स्वतःवरच दुमडून चार कार्बनांचे कडे बनवते, हे त्यांनी १९०८ मध्ये नोंदवले. यात धातू कुठेच नाही. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात च्यामिचान यांनी ओसाड प्रदेशांत काचनळ्यांचे, धूर न ओकणारे कारखाने कल्पिले, तेही कोळशाच्या भरभराटीच्या काळात. त्या धैर्याला दाद द्यायलाच हवी.

यावर रास्त आक्षेप असा, की तिथे प्रकाश शोषणारा रेणू स्वतःच खर्ची पडत होता. आज प्रकाश टिपणारा वेगळा आणि बदलणारा वेगळा. पण ही विभागणीही रुथेनियमने आणलेली नाही. १९४४ मध्ये ग्युंटर शेंक यांनी पानांतले हरितद्रव्य, हवेतला ऑक्सिजन आणि प्रकाश वापरून अ‍ॅस्कॅरिडोल हे जंतांवरचे औषध बनवले. हरितद्रव्यात मॅग्नेशियम असते, हे खरे. मात्र प्रकाश टिपण्याचे काम त्याभोवतीच्या सेंद्रिय कड्याचे आहे, आणि याची साक्ष उद्योगातच मिळते: सानोफी कंपनीने मलेरियावरचे आर्टेमिसिनिन प्रकाशाच्या साहाय्याने बनवताना टेट्राफेनिलपॉर्फिरिन घेतले, ज्याच्या कड्याच्या मध्यभागी धातू नाही. खुद्द इओसिनही १८७० च्या दशकातले, हाइनरिश कारो यांच्या हातचे. पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या आजही त्यानेच रंगतात. आणि बेंझोफेनोन? तो हायड्रोजन ओढण्याचा जुनाच गुण वापरून आता उत्प्रेरक म्हणून राबते.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: ‘धातूविना’ हा दावा खरा कशावरून? प्रकाशाशी संबंध नसलेल्या, कार्बनचे बंध जुळवणाऱ्या एका सुझुकी अभिक्रियेबाबत निकोलस लेडबीटर यांच्या गटाने २००३ मध्ये तसा दावा केला होता. २००५ मध्ये त्यांनीच दाखवून दिले, की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात पन्नास भाग इतके पॅलेडियम होते आणि काम तेच करत होते. प्रकाशाच्या अभिक्रियांत निदान दोन कसोट्या हाताशी असतात: दिवा मालवून पाहायचे आणि रंग वगळून पाहायचे. दोन्ही वेळा अभिक्रिया थांबली, तर रंगाची गरज सिद्ध होते. धातूचा लेश नाही हे मात्र त्यावरून ठरत नाही. त्यासाठी अभिकर्मकांची स्वतंत्र तपासणी करावीच लागते.