मारां कोंबडी : पारख पिसांची आणि अंड्यांची

कोंबडीचे अंडे म्हटले की पांढरे किंवा फिकट तपकिरी कवच डोळ्यांसमोर येते. मात्र फ्रान्समधील मारां या जातीच्या कोंबडीचे अंडे चॉकलेटी, कधी तर तांबूस छटेचे गडद तपकिरी असते. या अंड्यासाठीच ही जात जगभर ओळखली जाते. ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ या १९५७च्या कादंबरीत इयान फ्लेमिंग यांनी जेम्स बाँडच्या न्याहारीतही मारां कोंबडीचेच अंडे ठेवले आहे. ही जात जोपासणाऱ्यांपुढे मात्र एक जुना पेच आहे. पक्षी निवडायचा तो पिसाऱ्याच्या रंगावरून की अंड्याच्या?

बंदरातून आलेली जात

पश्चिम फ्रान्समधील शारांत-मारितीम या जिल्ह्यात, ला रोशेल शहराजवळ मारां हे बंदराचे गाव आहे. तेथे येणाऱ्या जहाजांवरील झुंजीच्या कोंबड्यांचा स्थानिक कोंबड्यांशी संकर झाला, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात चीनमधून आलेल्या, तपकिरी अंडी देणाऱ्या लँगशान जातीची भर पडली. ला रोशेल येथील १९१४च्या प्रदर्शनात या कोंबड्यांनी लक्ष वेधले. १९२९मध्ये मारां पैदासकारांचा क्लब स्थापन झाला आणि १९३१मध्ये जातीची प्रमाणलक्षणे ठरली. १९२९च्या सुमारास ही कोंबडी ब्रिटनमध्येही पोहोचली. तेथे पिसे नसलेल्या पायांचा पक्षी पसंत केला गेला, तर फ्रान्समध्ये नडगीवर विरळ पिसे असणे हे जातीचे लक्षण मानले जाते.

काळ्या-तांबूस रंगाचे गमक

मारां कोंबड्या अनेक रंगांत आढळतात. कबरी, गव्हाळी, निळी, पांढरी असे प्रकार आहेत. पण सर्वांत लोकप्रिय आहे तो काळा-तांबूस. अमेरिकेतील पोल्ट्री असोसिएशनने २०११मध्ये या प्रकाराला मान्यता दिली. यातील नराचे अंग काळेभोर असते. मानेवरची आणि शेपटीपुढची पिसे तांब्यासारखी लाल, तर खांदे गडद लाल असतात. मादी काळी असून तिच्या मानेवर तांबूस छटा दिसते. काळ्या पिसांवर हिरवट झळाळी असावी, डोळे नारिंगी-लाल आणि कानपाळ्या लाल असाव्यात, अशी अपेक्षा असते.

दोष दोन्ही टोकांना असू शकतात. नराची मान गवतासारखी पिवळट असेल, तर तांबूस छटा कमी पडली असे समजावे. याउलट मादीच्या मानेवर तांबूस रंगाचा मागमूसही नसेल, तर काळेपणा प्रमाणाबाहेर गेला आहे. मादीच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांची बारीक पेरणी झालेली असेल, तर तोही दोषच. काळ्या पक्ष्याच्या पिसांवर पांढरे आडवे पट्टे दिसले, तर कबऱ्या प्रकाराशी किंवा दुसऱ्या पट्टेदार जातीशी संकर झाल्याचा संशय घ्यावा. पांढरी कानपाळीही पांढरी अंडी देणाऱ्या जातींच्या मिश्रणाकडे बोट दाखवते.

ही पारख घाईने करू नये. पिल्लाची लव आणि पहिली पिसे खरा रंग सांगत नाहीत. पक्षी साधारण सहा महिन्यांचा होऊन प्रौढ पिसारा आल्यावरच निर्णय घ्यावा. उन्हाने तांबूस छटा विटते आणि काळी पिसे गंजल्यासारखी दिसतात. म्हणून जुनी पिसे झडून नवी आली की, दिवसाच्या स्वच्छ उजेडात पक्षी पाहणे योग्य.

अंड्याचा रंग येतो कोठून?

अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातील बराचसा काळ ते कवचग्रंथीत असते. प्रोटोपॉर्फिरिन हे तपकिरी रंगद्रव्य प्रामुख्याने शेवटच्या काही तासांत कवचाच्या बाहेरील थरावर चढते. म्हणूनच मारांचे अंडे फोडले तर कवच आतून फिके दिसते आणि नुकत्याच घातलेल्या अंड्यावरचा रंग ओल्या हाताने पुसलाही जाऊ शकतो. पिसांतील काळा-तांबूस रंग मात्र मेलॅनिन या वेगळ्या रंगद्रव्याचा असतो. पिसाऱ्याचे रंग ठरवणारी जनुके वेगळी, अंड्याचा तपकिरीपणा ठरवणारी वेगळी. आणि ही दुसरी एक नव्हे, अनेक आहेत.

याचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. झाबुआच्या ज्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिची पिसे, त्वचा आणि मांसही काळे असते. पण अंडी मात्र फिकट, मलईसारख्या किंवा हलक्या तपकिरी रंगाची असतात. पक्षी काळा म्हणून अंडे काळे होत नाही.

कोंबड्याची परीक्षा कशी?

मारां क्लबच्या तक्त्यात अंड्याच्या रंगाला १ ते ९ क्रमांक दिले आहेत. क्रमांक ४पेक्षा फिके अंडे जातिवंत मानले जात नाही. पैदाशीसाठी अर्थातच त्याहून गडद अंडी निवडली जातात. एखाद-दुसऱ्या अंड्यावर मत बनवू नये. हंगामाच्या सुरुवातीची अंडी गडद असतात. अंडी देण्याचा काळ लांबतो तसा रंग उतरतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा चढतो. म्हणून प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवून हंगामभर नोंद करावी लागते.

खरी अडचण नराची आहे. तो अंडे देत नाही, पण लेकींच्या अंड्यांच्या रंगात त्याचाही वाटा असतो. प्रदर्शनात पारितोषिक मिळवणारा, देखण्या पिसाऱ्याचा नर फिक्या अंड्यांचा वारसा घेऊन आलेला असू शकतो. असा एकच नर कळपातील सर्व माद्यांना जोडला, तर पुढच्या पिढीत अनेक वर्षांची मेहनत वाया जाते. त्यामुळे नर निवडताना तो कोणत्या अंड्यातून निघाला, त्याच्या आईची आणि बहिणींची अंडी कशी आहेत, हे आधी पाहावे. अंतिम निवाडा त्याच्या लेकी अंडी देऊ लागल्यावरच होतो. तोवर त्या नराला सांभाळून ठेवणे शहाणपणाचे.

नवा रंग आणण्यासाठी फिक्या अंड्यांच्या जातीशी संकर केला, तर पिसारा लवकर साधतो. अंड्याचा गडदपणा परत यायला मात्र कित्येक पिढ्या जातात. उलट केवळ अंड्याकडे पाहून मोजक्याच पक्ष्यांतून पैदास करत राहिल्यास जवळच्या नात्यातील संकर वाढतो आणि उबवणीचे प्रमाण घसरते. यावर व्यवहारी क्रम असा : उबवण्यासाठी गडद अंडीच ठेवावीत, त्यांतून निघालेल्या पक्ष्यांत निरोगी बांधा पाहावा आणि मग त्यांच्यातून पिसाऱ्याची निवड करावी.

ग्राहकाच्या दृष्टीने कवचाच्या रंगाचा पोषणमूल्याशी संबंध नाही. पोषण कोंबडीच्या खाद्यावर अवलंबून असते. पैदासकारासाठी मात्र तो रंग हीच जातीची ओळख आहे. पिसारा चुकला, तर तो पाहणाऱ्याला लगेच दिसतो; नरातून आलेला अंड्याचा फिकेपणा कळायला तलंगा अंड्यावर येईपर्यंत थांबावे लागते.