सत्यनारायण : शिरा आणि शिन्नी

बदली होऊन महाराष्ट्रीय गृहस्थ कोठेही गेला, तरी नव्या बिऱ्हाडात भरभराटीसाठी सत्यनारायण घालतोच. कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातील म्हणून सांगितली जाते. बंगालमध्ये मात्र याच देवाचे दुसरे नाव सत्यपीर. रामेश्वर भट्टाचार्य, भारतचंद्र राय या अठराव्या शतकातील कवींनी त्याच्या पांचाली रचल्या. तेथे तो फकिराच्या वेषात येतो, आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्याला शिन्नी वाहत आले. हा शब्दही फारसी ‘शिरीनी’वरून आलेला. आधी पीर की आधी नारायण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दोघे एकमेकांच्या ओसरीवर वाढले, एवढे मला पुरते.

कलकत्त्यास असताना शेजाऱ्यांकडचा प्रसाद हाती पडला आणि मी चपापलो. कच्ची कणीक, दूध, केळी, गूळ, सारे नुसते कालवलेले! मनातून नाक मुरडले, हे कबूल करतो. घरी येऊन पोथी उघडली. तीत केळे, तूप, दूध, गव्हाचे पीठ, साखर किंवा गूळ सव्वा मापाने घेऊन एकत्र करून अर्पावे, असे आहे. शिजविण्याचा उल्लेखच नाही. म्हणजे पोथीबरहुकूम प्रसाद शेजाऱ्यांचा होता आणि साजूक तुपातला शिरा ही आपली सुधारणा!

पुढच्या पूजेत सौभाग्यवतींनी शिऱ्याशेजारी शिन्नीची वाटी ठेवली. गुरुजींनी दोन्हींवर तुळशीपत्र ठेवले.