बुळकांडी, अँटवर्प आणि पशुनिर्यातीचे आरोग्यनियम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

जिवंत जनावर परदेशी पाठविताना सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र, ठरावीक काळाचे विलगीकरण आणि रोगचाचण्या अशा अटी आयातदार देश घालतात. या अटींकडे बहुधा व्यापारातील अडथळा म्हणून पाहिले जाते. तथापि ज्या घटनेमुळे त्यांना बहुराष्ट्रीय अधिष्ठान लाभले, तिचा संबंध भारतीय गुरांशी आहे.

अँटवर्पची घटना

उष्ण हवामानात तग धरणाऱ्या गीर, ओंगोल, कांक्रेज या भारतीय वंशांना ब्राझीलमध्ये मोठी मागणी होती. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली. त्यांच्यापासून तेथील जनावरांना बुळकांडीची लागण झाली व रोग बेल्जियममध्ये पसरला. बुळकांडीचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच जनावराच्या स्रावांतून बाहेर पडू लागतो. त्यामुळे जहाजावर चढविताना निरोगी दिसणारे जनावर निर्धोक असेलच असे नाही. विलगीकरणाची निकड यातूनच निर्माण होते. शिवाय येथे झळ बसली ती वाटेवरच्या तिसऱ्या देशाला. केवळ विक्रेता व ग्राहक देशांतील करार अपुरा ठरतो, हे यावरून स्पष्ट झाले.

नियमांची जडणघडण

या पार्श्वभूमीवर १९२१ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी करार करून आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालय स्थापन केले. आपल्या देशातील रोगाची माहिती इतरांना कळविणे हा त्या कराराचा गाभा होता. १९९५ मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारान्वये याच संस्थेची मानके पशुव्यापारासाठी आधारभूत ठरली.

भारतात रोगसंशोधनाचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. १८८९ मध्ये पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९८ च्या पशुधन आयात कायद्याचा रोख मात्र, नावाप्रमाणेच, देशात येणाऱ्या जनावरांवर होता. रोगाचे ज्ञान असणे आणि त्याची माहिती इतर देशांना देण्यास बांधील असणे, या दोन भिन्न गोष्टी होत्या.

निष्कर्ष

२०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. रोग संपला, तरी त्याने घडविलेली व्यवस्था टिकून आहे. आरोग्य प्रमाणपत्राचे मोल त्यावरील शिक्क्यात नसून, स्वतःच्या देशातील रोग न लपविण्याच्या प्रामाणिकपणात आहे, हाच अँटवर्पच्या घटनेचा बोध होय.