सैनिकांचे परदेशी नातलग : निवास आणि नागरिकत्व

भारतीय सैनिक, निमलष्करी जवान किंवा माजी सैनिक यांच्या ज्या नातलगांकडे भारतीय नागरिकत्व नाही आणि भारतात राहण्याची वैध कागदपत्रेही नाहीत, त्यांच्यासाठी भारतीय कायद्यात वेगळी सवलत नाही. अमेरिकेत अशी सवलत आहे. तेथे सैनिक किंवा माजी सैनिकाच्या विनापरवाना देशात आलेल्या पती किंवा पत्नीला, आईवडिलांना व मुलांना ‘पॅरोल इन प्लेस’ या तरतुदीखाली एकेक वर्षाच्या मुदतीने देशातच राहू देतात आणि पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची वाट त्यातून मोकळी होते. भारतात 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या परकीय नागरिकांविषयीच्या सूट-आदेशात सैनिकांच्या कुटुंबीयांचा उल्लेख येतो, पण तो केवळ कामगिरीवरील सैनिकासोबत सरकारी वाहनाने देशात येण्याजाण्यापुरता. वास्तव्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

अशा नातलगांना म्हणून सर्वसाधारण कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 5 नुसार भारतीय नागरिकाशी विवाह झालेली व्यक्ती सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिक होऊ शकते. मात्र कागदपत्रांशिवाय आलेली किंवा व्हिसाची मुदत संपूनही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘अवैध स्थलांतरित’ ठरते आणि तिला ही नोंदणी करता येत नाही. याची झळ मुलांनाही बसते. 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेले मूल जन्मानेच नागरिक होत असे. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलाची आई किंवा वडील अवैध स्थलांतरित असतील, तर दुसरा पालक भारतीय असूनही मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. वडील सीमेवर तैनात असले तरी हा नियम बदलत नाही. ही या कायद्यातील सर्वांत कठोर बाजू म्हणावी लागेल.

नेपाळी गुरखा सैनिकांच्या घरच्यांना मात्र ही अडचण येत नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना भारतात राहायला व्हिसा लागत नाही.

पाकिस्तान व बांगलादेशातून भारतीयांच्या घरी लग्न होऊन आलेल्या स्त्रियांचा मुख्य आधार म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अल्पसंख्याकांनाही तो मिळतो. काश्मीरमधील पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले, तेव्हा हा व्हिसा वगळण्यात आला होता. त्याच सुमारास केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका जवानाची पत्नी अडचणीत आली. तिचा अल्पमुदतीचा व्हिसा संपलेला होता आणि दीर्घ मुदतीचा अर्ज प्रलंबित होता. तिच्या रवानगीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जवानाला मात्र विवाहाची माहिती दडवल्याच्या ठपक्यावरून बडतर्फ करण्यात आले.

नागपुरात हा विषय रोजच्या व्यवहारातला आहे. शहराला लागून कामठीची छावणी व तेथील गार्ड्‌स रेजिमेंटल सेंटर आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही येथेच आहे. पण व्हिसाच्या अर्जांची गर्दी प्रामुख्याने जरीपटका, खामला या भागांतील, पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांची असते. एप्रिल 2025 मध्ये पुढे आलेल्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रातील 5,023 पाकिस्तानी नागरिकांपैकी 2,458 एकट्या नागपुरात होते. डिसेंबर 2016 मध्ये ज्या 16 जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अल्पसंख्याक स्थलांतरितांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले गेले, त्यांत नागपूर होते. अशांपैकी 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांना नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार अर्ज करता येतो आणि त्यांना पाच वर्षांचे वास्तव्य पुरते. 2024 च्या नियमांनुसार या अर्जांची जिल्हास्तरीय छाननी टपाल खात्याच्या अधीक्षकांकडे आहे, हे अनेक अर्जदारांना ठाऊक नसते. मुस्लिम अर्जदार या दुरुस्तीत बसत नाही. त्याला विवाह, वंश किंवा दीर्घ वास्तव्य यांवरच अवलंबून राहावे लागते.

नागपूरजवळचे एक उदाहरण उलट दिशेचे आहे; त्यात परदेशी होता तो सैनिकच. वांग ची हा चिनी सैनिक 1963 मध्ये वाट चुकून भारतात शिरला, काही वर्षे तुरुंगात राहिला आणि पुढे बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी येथे स्थायिक होऊन तेथेच त्याने संसार थाटला. त्याला चिनी पासपोर्ट 2013 मध्ये मिळाला आणि मायदेशी तो फेब्रुवारी 2017 मध्ये, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळाने, पोहोचू शकला.

परदेशी व्यक्तीशी विवाह करण्यापूर्वी सैनिकाला वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. जोडीदाराच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच ऑनलाइन करावा. नागपूर शहरात त्याची पुढची चौकशी पोलीस आयुक्तालयाकडून होते.