शंभरच्या बोर्डावर एकशे तेहतीसची पट्टी

शाळेतला जुना संगणक रेंगाळू लागला की ‘मेमरी वाढवा’ हा सल्ला ठरलेलाच. 2000 सालच्या सुमारास आम्हीही तो मानला. दुकानात दोन प्रकारच्या पट्ट्या होत्या : 100 मेगाहर्ट्झच्या आणि 133 मेगाहर्ट्झच्या. मोठा आकडा तो चांगला, असे समजून आम्ही जास्त पैसे देऊन 133 ची पट्टी आणली. मदरबोर्ड मात्र 100 चा होता. संगणक सुरू झाला, पण नवी पट्टीही 100 नेच चालली. मग वरचे 33 गेले कुठे? मुलांच्या या प्रश्नाचे उत्तर मेमरीच्या इतिहासात सापडते.

आजच्या मेमरीची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट साठवायचा, या रचनेचे पेटंट त्यांना 1968 मध्ये मिळाले. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर 1, नसेल तर 0. रचना स्वस्त आणि आटोपशीर. पण भार गळत राहतो, म्हणून तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो.

1981 मध्ये आयबीएमचा ‘पीसी’ आला. त्याच्या प्रोसेसरचा ठोका 4.77 मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक ठोका सुमारे 210 नॅनोसेकंदांचा. मेमरीकडून एकदा माहिती घ्यायला तो चार ठोके, म्हणजे सुमारे 840 नॅनोसेकंद घेई. मेमरीला तेवढा वेळ पुरून उरत असे. पुढे प्रोसेसर झपाट्याने वेगवान झाले, मेमरी मात्र मागे पडली. तिचे उत्तर येईपर्यंत प्रोसेसरला काही ठोके नुसते थांबावे लागू लागले. उपाय म्हणून नेहमी लागणारी माहिती जवळच्या छोट्या, जलद मेमरीत ठेवू लागले. हीच ‘कॅश’. 1989 च्या इंटेल 486 मध्ये अशी 8 किलोबाइट कॅश प्रोसेसरच्या चिपमध्येच होती.

तोवर मेमरीचा वेग नॅनोसेकंदांत सांगत : 70, 60. आकडा लहान तितकी मेमरी जलद. नव्वदच्या दशकात ‘एसडीरॅम’ आली आणि मेमरी बोर्डाच्या ठोक्यावर चालू लागली. आता आकडा मेगाहर्ट्झमध्ये आला. मोठा तो जलद. 1998 मध्ये ‘पीसी 100’ हे मानक रूढ झाले, त्यामागून ‘पीसी 133’.

कवायतीचे उदाहरण घेऊ. ढोल बोर्ड वाजवतो, पावले मेमरी टाकते. पट्टीवरचा 133 हा आकडा एवढेच सांगतो की, ‘ढोल इतका जलद वाजला तरी माझे पाऊल चुकणार नाही.’ ढोलच 100 चा असेल, तर पाऊलही 100 चेच पडणार. दुकानदाराने फसवले नव्हते. आकड्याचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता.

तरीही संगणक सुधारला होता. कारण मेमरी कमी पडली की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो, आणि डिस्कला लागतात मिलिसेकंद. एक मिलिसेकंद म्हणजे दहा लाख नॅनोसेकंद! पट्टीमुळे या खेपा वाचल्या. फायदा झाला तो मेमरीच्या वाढलेल्या आकारामुळे, वेगामुळे नव्हे.

पुढच्या काळातला आकड्यांचा खेळ मुलांकडून फळ्यावर करून घेण्याजोगा आहे. ‘डीडीआर’ मेमरी एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते. म्हणून ‘डीडीआर 400’ चा खरा ठोका 200 मेगाहर्ट्झचा, म्हणजे 5 नॅनोसेकंदांचा. मागणी केल्यावर 3 ठोके थांबावे लागत असेल, तर 15 नॅनोसेकंद झाले. 2014 च्या सुमारास आलेल्या डीडीआर 4 पिढीतली ‘3200’ ची पट्टी घ्या. ठोका 0.625 नॅनोसेकंदांचा, पण थांबायचे 22 ठोके : 13.75 नॅनोसेकंद. आकडा आठपट झाला, पहिले उत्तर येण्याचा वेळ जेमतेम घटला! आतून एकदम अनेक बिट काढून ते बाहेर भराभर पाठवायचे, एवढीच या वाढीमागची मुख्य युक्ती.

मेमरी घ्यायची असेल तर आधी मदरबोर्डाची पुस्तिका उघडावी : कोणत्या पिढीची पट्टी बसते, ढोल किती जलद वाजू शकतो. मग शाळेच्या पैशांत जास्तीत जास्त किती मेमरी येते ते पाहावे. पट्टीवरच्या मोठ्या आकड्याचा विचार त्यानंतर.