सांधा : घरात आणलेल्या समुद्राचा इतिहास

१/१४
१८४६ साली अ‍ॅना थिन यांनी इंग्लंडमधील टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला नेले. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचले होते. लंडनमध्ये त्यांना काचेच्या भांड्यांत ठेवण्यात आले. घरातील समुद्राच्या इतिहासाचा हा अगदी आरंभीचा टप्पा.

२/१४
पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज अर्धा-पाऊण तास, उघड्या खिडकीपाशी, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई. हे कष्ट घरच्या मोलकरणीचे. १८४७ मध्ये थिन यांनी पाण्यात सागरी वनस्पतीही ठेवल्या. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

३/१४
पुढची पावले वेगाने पडली. ब्रिटनमधील काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती आणि प्राणी यांच्या समतोलावरचा आपला प्रयोग मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. सागरी जीव जगवायचे कसे, याचे पहिले उत्तर दशकभरात हाती आले. त्यांना सामावणारी पेटी टिकवायची कशी, याला मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

४/१४
गोल भांड्याला सांधा नसतो. पण त्यातून पाहिलेला मासा वेडावाकडा दिसतो. म्हणून सपाट काचांची चौकोनी टाकी आली आणि तिच्याबरोबर सांधेही आले. बिडाची चौकट, पाटीच्या दगडाचा तळ, चार बाजूंना काचा आणि फटींत जवसाच्या तेलात मळलेली पुट्टी, अशी त्या काळची सर्वसाधारण बांधणी होती.

५/१४
समुद्राच्या पाण्याने या बांधणीचे दोष उघडे पाडले. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजे. पुट्टीत पांढरे शिसे किंवा शेंदूर असे. दोन्ही शिशाचीच संयुगे. पुट्टी काळाने कडक होई आणि काच किंचित हलली तरी तडकत असे. टाकी गळणे आणि पाणी विषारी होणे, दोहोंचे मूळ एकाच सांध्यात होते.

६/१४
विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयासाठी निराळा विचार केला. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या कित्येक पट पाणी खाली, अंधाऱ्या हौदात साठवलेले असे आणि ते अखंड खेळवले जाई. खाऱ्या पाण्याचा धातूशी संबंध टाळण्यासाठी व्हल्कनाइट म्हणजे कडक रबर वापरले गेले. आज घरगुती टाकीखाली असणारा ‘संप’ हा त्या हौदाचाच वंशज.

७/१४
सांध्याचा प्रश्न सुटला तो सिलिकॉनमुळे. सिलिकॉन रबर १९४० च्या दशकात बाजारात आले आणि १९६० च्या दशकात त्याने काचेला काच थेट जोडली जाऊ लागली. धातूची चौकट अनावश्यक ठरली. हा सांधा लवचीक होता, मिठाला दाद देत नव्हता आणि योग्य प्रकारचा असल्यास जीवांना अपायही करत नव्हता.

८/१४
त्याच सुमारास टाकीतला समुद्रही बदलला. १९६१ मध्ये इंडोनेशियाचे ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर चालणारी आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. आता पेटीला पाण्याबरोबर दगडांचाही भार पेलायचा होता. खडक आधी तळावर पक्का बसवावा आणि वाळू नंतर घालावी, हा संकेत यातलाच. वाळूवर रचलेला ढीग बिळे करणारे मासे पोखरतात आणि तो काचेवर कोसळतो.

९/१४
१९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत ‘मिनी रीफ’चे वेड पसरवले. पाणी खालच्या गाळणीत उतरवणारी रचना लोकप्रिय झाली. त्यासाठी काचेला भोक पाडले की एक नवा नाजूक बिंदू तयार होतो. टफन केलेली काच तर भोक पाडताना चुरा होऊन पडते. वीज गेल्यावर वरून उतरणारे पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये राखली नाही, तर ते थेट घरात येते.

१०/१४
टाकी मोठी करताना खरी मेख उंचीत असते. दोन मीटर लांबीच्या काचेवर ६० सेंटिमीटर पाणी सुमारे ३७० किलो वजनाइतका रेटा देते. उंची ७५ सेंटिमीटर केली की हाच रेटा ५७५ किलोंवर जातो. उंची सव्वापट, रेटा दीडपटीहून अधिक! काच मध्यभागी फुगते आणि तिची ओढ कोपऱ्यातल्या सांध्यावर येते. वरच्या कडेला काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवतात त्या यासाठीच.

११/१४
भार पुढे जमिनीवर उतरतो. दोन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंच टाकीत सुमारे ७४० किलो खारे पाणी मावते, म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलोंहून अधिक. भारतीय मानकांत राहत्या खोलीसाठी धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. तो भार संपूर्ण खोलीसाठी धरलेला असतो, त्यामुळे एवढ्याने स्लॅब लगेच ढासळत नाही. पण अशी टाकी तुळईजवळ असावी की स्लॅबच्या मध्यावर, हा निर्णय स्थापत्य अभियंत्याचा आहे.

१२/१४
सिलिकॉनही म्हातारे होते. गळती बाहेरून बुजवून भागत नाही, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. टाकी रिकामी करून, सांधा पूर्ण खरवडून, तो नव्याने भरावा लागतो. इथेच खरा पेच आहे. खडक उघडा पडला की त्यावरचे जीव मरतात, तेच कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि उरलेलेही दगावतात. म्हणून जाणकार आधी दुसरी टाकी भरून चालू करतात आणि मगच पहिलीला हात लावतात.

१३/१४
१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधील एका हॉटेलातला ‘अ‍ॅक्वाडोम’ फुटला. तो अ‍ॅक्रिलिकचा दंडगोल होता. त्यात सुमारे १० लाख लिटर पाणी आणि १,५०० मासे होते. दोन जण जखमी झाले. बहुतेक मासे मेले. तपासात तीन शक्यता पुढे आल्या : चिकटवलेला सांधा सुटणे, नूतनीकरणात तळाशी पडलेली खाच, किंवा रिकाम्या काळात अ‍ॅक्रिलिक कोरडे पडणे. निश्चित कारण सिद्ध झाले नाही.

१४/१४
या तिन्ही शक्यता बांधणीच्या आणि निगेच्या आहेत. शतकभरात माध्यम बदलले, पुट्टीच्या जागी सिलिकॉन आले, बिडाच्या जागी काच आणि अ‍ॅक्रिलिक आले. पण समुद्राला घरात धरून ठेवण्याचे काम आजही सांध्याकडेच आहे. टाकीसमोर उभे राहिल्यावर नजर प्रथम प्रवाळांवर जाते. ते जगणार की नाही, हे मात्र अनेकदा कोपऱ्यातली ती काही मिलिमीटरची रेघ ठरवते.