कवटीची जोडहाडे: दावा आणि दाखले

१९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून सुश्रुतसंहितेची डल्हणाच्या टीकेसह आवृत्ती निघाली. संपादक होते यादवजी त्रिकमजी आचार्य. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांध्यांचे दोन वर्ग आहेत: हातपाय, जबडा आणि कंबर यांचे सांधे चल, उरलेले सगळे स्थिर. कवटीच्या हाडांचे तुन्नसेवनी, म्हणजे शिवणीसारखे, सांधे यामुळे आपोआप स्थिरांत जातात.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम सदरलँड या ऑस्टिओपॅथने, म्हणजे हाडे-सांधे हाताळून उपचार करणाऱ्याने, ‘द क्रेनियल बोल’ हे पुस्तक छापले. त्याचे म्हणणे नेमके उलटे होते: प्रौढ माणसाच्या कवटीतली हाडेही लयीत हलतात. त्याच्या अनुयायांच्या शिकवणुकीत मधल्या हाडांना वाक आणि ताण, तर जोडीच्या हाडांना बाहेर-आत फिरणे सांगितले आहे. माथ्याच्या दोन पार्श्वास्थी आणि कानांजवळच्या दोन शंखास्थी ही त्यांतली ठळक उदाहरणे. एका बाजूचे फिरणे अडले की तो बिघाड, आणि हलक्या हाताने तो सुटतो, असे मानतात.

ही कल्पना सुचली कशी? सांगितले जाते ते असे: कर्क्सव्हिलच्या महाविद्यालयात शिकत असताना, १८९९ मध्ये, सदरलँडला सुटी केलेली कवटी दिसली. शंखास्थीची तिरकस कड पाहून त्याला माशाचे कल्ले आठवले. हा प्रसंग सांगणारे, पत्नी एडा यांनी लिहिलेले त्याचे चरित्र मात्र १९६२ चे, म्हणजे प्रसंगानंतर ६३ वर्षांनी छापलेले. विद्यार्थ्याचा विचार म्हणून या आठवणीला मोल आहे. हालचालीचा पुरावा म्हणून नाही. कडेच्या आकारावरून ती हलते असे ठरत नाही.

हालचाल अगदीच नसते असेही नाही. प्रसूतीत दोन्ही पार्श्वास्थी एकमेकींवर सरकतात, म्हणून बाळाचे डोके बाहेर येते. प्रश्न प्रौढांच्या लयीचा आहे. १९९४ मध्ये वर्थ-पॅटुलो आणि हेस यांनी तीन फिजिओथेरपिस्टना त्याच १२ जणांच्या डोक्यावर हात ठेवून लयीचा वेग मोजायला लावला. तिघांच्या आकड्यांचा मेळ दाखवणारा गुणांक आला उणे ०.०२, म्हणजे मेळ जवळजवळ शून्य. या चाचणीत हाडे थेट मोजली नव्हती. पण निदानाचा सगळा भार बोटांवर असेल, तर बोटांची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजे. इथे ती जुळली नाही.